वसंतदादा, विनाअनुदानित आणि आपण

परवा रात्री मेसमध्ये आमटी थंड होती, वाद मात्र गरम होता. त्याच दिवशी नोटीस बोर्डावर फीच्या दुसऱ्या हप्त्याची तारीख लागली होती. एकजण ताट सरकवत म्हणाला, "हे विनाअनुदानित प्रकरण काढलं कुणी, त्याला शोधला पाहिजे!" कुणीतरी उत्तर दिलं, "वसंतदादांनी." त्यावर फर्स्ट इयरच्या एका पोराने निरागसपणे विचारलं, "म्हणजे साखर कारखान्याला ज्यांचं नाव आहे ते? त्यांचा इंजिनिअरिंगशी काय संबंध?"

मित्रांनो, प्रश्न साधा होता, पण टेबलावरच्या सहाजणांपैकी एकालाही धड उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. आपण सांगली-साताऱ्याची पोरं, दादांचे पुतळे बघत मोठे झालो, त्यांच्या नावाच्या चौकात वडापाव खाल्ला. पण हा माणूस कोण, खुर्चीवर किती दिवस होता, कसा चढला आणि कसा उतरला, हे विचाराल तर आपली पाटी कोरी. म्हणून सबमिशन बाजूला ठेवून थोडं वाचलं आणि घरी जाऊन थोडं विचारलं. त्याचा हा वृत्तांत.

तुरुंगाच्या तटावरून

मी वडूजचा. तालुका खटाव, पण तालुक्याचं ठिकाण वडूज, हे बाहेरच्यांना दरवेळी समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे दर ९ सप्टेंबरला हुतात्म्यांना अभिवादन होतं. १९४२ साली त्या दिवशी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा आला, पोलिसांनी गोळीबार केला आणि परशुराम घार्गे व त्यांचे साथी हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. तिथे पडलेल्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले पंड्या नावाचे एक इंजिनिअर होते, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

तेव्हा तासगाव, इस्लामपूर, वडूज हे सगळं एकाच सातारा जिल्ह्यात होतं. 'दक्षिण सातारा' वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. सांगली शहर तर पटवर्धनांच्या संस्थानात होतं. मोर्चांवर गोळ्या चालल्यावर या भागातली चळवळ भूमिगत झाली आणि त्या भूमिगत फळीत सांगलीजवळच्या पद्माळे गावचा एक पंचविशीतला तरुण होता. तो म्हणजे वसंतराव बंडूजी पाटील.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. आई-वडील अगदी लहानपणी साथीच्या रोगात गेले, आजीने वाढवलं. शाळा प्राथमिकच्या पुढे फारशी झाली नाही. १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि सांगलीच्या गणेशदुर्ग किल्ल्यातल्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. २४ जुलै १९४३ रोजी दादांनी साथीदारांसह तो तुरुंग फोडला. भर दिवसा, तटावरून उड्या मारून. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन साथीदार त्यात गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. सुटका झाली ती १९४६ मध्ये.

पुढच्या सगळ्या राजकारणाचं भांडवल हे आहे. भाषणात मोठे शब्द नसले तरी चाललं, कारण समोरच्या माणसाला ठाऊक होतं की याच्या खांद्यात गोळी गेलेली आहे.

कारखान्याचं राजकारण, राजकारणाचा कारखाना

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून दादा सांगलीतून आमदार म्हणून निवडून येत राहिले. पण बराच काळ मंत्रिपदाच्या मागे ते गेले नाहीत. त्यांनी काय केलं, तर साखर कारखाना काढला.

इथे थोडं थांबून सहकारी कारखाना म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय आपल्याकडचं राजकारण कळत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास वाट घालून दिलेली होती. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, सरकारने भागभांडवलात भर घालायची, उरलेलं कर्ज बँकांनी द्यायचं. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. म्हणजे चेअरमन व्हायचं तर गावोगावच्या शेकडो सभासदांना ओळखणं आलं, त्यांचा ऊस वेळेवर तोडून नेणं आलं, भाव देणं आलं. ज्याला हे जमलं त्याला विधानसभेची निवडणूक अवघड नाही. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना १९५६ मध्ये स्थापन झाला आणि पुढे आशियातल्या मोठ्या सहकारी कारखान्यांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९६७ मध्ये दादांना पद्मभूषण मिळालं. पुढे ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९७२ मध्ये वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती.

मला स्वतःला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारखाना म्हणजे नुसता ऊस आणि गुलाल नाही. त्यात बॉयलर आहे, टर्बाइन आहे, सेंट्रिफ्यूगल आहे, लॅब आहे. हे चालवायला इंजिनिअर आणि केमिस्ट लागतात. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. स्वतः फार न शिकलेल्या माणसाला शिकलेल्या माणसाची गरज कारखान्याच्या गेटवर रोज दिसत होती, असं मी समजतो.

खुर्ची : दोनदा मिळाली, दोनदा गेली

आता मुख्यमंत्रिपदाकडे येऊ. १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९७६ मध्ये दादांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावं लागलं आणि त्यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर करून टाकली. आपल्याकडे "या सेमनंतर क्रिकेट बंद" म्हणतात त्यापेक्षा ही घोषणा फार जास्त टिकली नाही. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला दणका बसला, दादा परतले आणि १७ मे १९७७ रोजी मुख्यमंत्री झाले.

१९७८ च्या सुरुवातीला काँग्रेस फुटली. रेड्डी काँग्रेस वेगळी, इंदिरा काँग्रेस वेगळी. दादा रेड्डी काँग्रेसमध्ये. विधानसभेच्या निवडणुकीत जनता पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या, पण बहुमत कुणालाच नाही. मग एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. दादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. हा संसार रोजच्या भांडणाचा होता. जुलैमध्ये दादांच्याच मंत्रिमंडळातले शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले, सरकार कोसळलं आणि १८ जुलै १९७८ रोजी पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. वय ३७. 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात तेव्हापासून कायमचा मुक्कामाला आला. त्या फुटीची दुसरी बाजूही आहे. ते सरकार तसंही टिकण्यासारखं नव्हतं, असं म्हणणारे लोक आजही भेटतात.

दादा नंतर इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० मध्ये सांगलीतून लोकसभेवर निवडून आले. राज्यात अंतुले आले आणि गेले, मग आपल्या साताऱ्याचे बाबासाहेब भोसले आले. त्यांच्याविरुद्ध आमदारांची नाराजी वाढत गेली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये दिल्लीने दादांना पुन्हा मुख्यमंत्री म्हणून पाठवलं. १९८५ ची विधानसभा काँग्रेसने त्यांच्याच काळात जिंकली, ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. पण तीनच महिन्यांत, त्यांच्या मनाविरुद्ध प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमल्यावर, जून १९८५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर राजस्थानचे राज्यपालपद, १९८७ मध्ये तेही सोडलं आणि १ मार्च १९८९ रोजी निधन.

आता जरा हिशेब करू. शपथ चार वेळा घेतली. पहिल्या खेपेला साधारण १४ महिने, दुसऱ्या खेपेला साधारण २८ महिने. एकूण साडेतीन वर्षं. म्हणजे आपल्या डिग्रीपेक्षाही कमी! आणि गंमत अशी की खुर्ची दोनदा गेली, पण दोन्ही वेळा मतदारांनी घालवली नाही. एकदा स्वतःच्या मंत्र्यांनी घालवली, एकदा दिल्लीशी बिनसलं म्हणून गेली.

१९८३ : त्या साडेतीन वर्षांतला एक निर्णय

मेसमधल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. १९८३ पर्यंत महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजं मोजकी होती. पुण्याचं १८५४ पासूनचं, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं सरकारी १९६० चं, आणि अशी आणखी थोडी. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. ज्याच्याकडे पैसा तो शेजारच्या कर्नाटकात देणगी भरून जायचा. ज्याच्याकडे नाही तो बीएस्सी करायचा, नाहीतर घरी. नवी सरकारी कॉलेजं काढायला सरकारकडे पैसा नव्हता.

दादांच्या सरकारने धोरण असं घेतलं : संस्थांनी स्वतःच्या पैशाने कॉलेज काढावं, सरकार परवानगी देईल, विद्यापीठ संलग्नता देईल, पण अनुदान एक रुपयाही मिळणार नाही. इमारत, मशिनरी, प्राध्यापकांचा पगार, सगळा खर्च फीमधून. 'विनाअनुदानित' या शब्दाचा अर्थ एवढाच. त्याच वर्षी सातारा, सांगली, पुणे भागात धडाधड कॉलेजं निघाली. साताऱ्यात, इस्लामपूरजवळ साखराळ्याला, सांगलीजवळ बुधगावला. तामिळनाडूतही त्याच सुमारास एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने हेच केलं. तेही फारसं शाळेत न गेलेले मुख्यमंत्री. शाळा सुटल्याची खंत ज्याला असते त्याला शाळेची किंमत जास्त कळते की काय, कोण जाणे.

नाण्याच्या दोन्ही बाजू

आता हे सगळं गोडगोडच होतं का? अजिबात नाही. परवानगी बहुतेक त्यांनाच मिळाली ज्यांच्याकडे जमीन, कारखाना किंवा वजन होतं. साखरसम्राटांच्या जोडीला 'शिक्षणसम्राट' हा शब्द आला. काही ठिकाणी आधी प्रवेश आणि मग लॅब असा प्रकार झाला. देणग्यांचा बाजार इतका वाढला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यातून 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' आल्या. एकाच बेंचवरचे दोघे, एकाची फी नाममात्र, दुसऱ्याची कितीतरी पट. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती पद्धत गेली आणि २००३ पासून फी ठरवायला समित्या आल्या. आज २०१५ च्या कायद्याखाली प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची फी त्याच्या खर्चावरून ठरवतं. कॉलेज-कॉलेजच्या फीत फरक का, याचं हे कारण.

स्टाफचंही यात दुखणं आहे, आणि ते आपण विसरतो. पगार फीवर, फीचा मोठा भाग सरकारी शिष्यवृत्तीच्या परताव्यावर. परतावा लांबला की काही संस्थांमध्ये सरांचा पगार लांबतो. आपण लेक्चरला उशिरा आलो म्हणून जे सर ओरडतात, त्यांचाही हप्ता कुठेतरी थकलेला असू शकतो.

पुढे आणखी एक वळण आलं. कॉलेजं इतकी झाली की २०१० नंतरच्या दशकात राज्यात हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या, काही कॉलेजं बंदही पडली. ज्या टंचाईतून हा निर्णय जन्मला ती टंचाई संपली, पण फी तशीच राहिली.

आमच्या घरातला हिशेब

आता घरचं सांगतो, कारण त्याशिवाय हा लेख माझ्यापुरता अपुरा आहे.

आमच्या खटाव-माणात पूर्वी बारावीनंतर पोरापुढे रस्ते तीन. पलटण, मुंबईला माथाडी किंवा गलाई. सोनं-चांदी गाळण्याचा हा धंदा करायला आमच्याकडची माणसं देशभर पसरलेली आहेत. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, १९८२ साली बारावी झाले. मार्क चांगले, पण कराडला नंबर लागण्याइतके नाहीत. दुसरं कॉलेजच नव्हतं. आण्णा गलाईच्या दुकानावर सेलमला गेले. भट्टी, ॲसिड आणि धूर.

माझे वडील १९८५ ला बारावी झाले. मार्क आण्णांपेक्षा कमी. पण आता नवी कॉलेजं निघालेली होती. नंबर लागला. चार वर्षांची फी आण्णांनी सेलमहून मनिऑर्डरने पाठवली. वडील मेकॅनिकल इंजिनिअर झाले, एमआयडीसीत नोकरीला लागले, आणि म्हणून आज मी इथे तुमच्यासमोर हे लिहितो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आण्णांना विचारलं, "तुम्हाला दादांचा राग नाही येत? एक वर्ष आधी निर्णय घेतला असता तर?"

आण्णा तंबाखू मळत म्हणाले, "राग कशाचा रं? एक साल आधी घेतला असता तरी फी भरायला कोण होतं? तुझ्या बापाला मी होतो. मला कोण होतं?"

मी गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "दार उघडलं दादांनी, ते खरं. पर उंबऱ्यावर पैसं मोजून घ्यायची सोयबी तवाच झाली."

मला वाटतं, मेसमधल्या त्या वादाचा निकाल आण्णांच्या या दोन वाक्यांत आहे. "विनाअनुदानित म्हणजे लूट" म्हणणारा आमच्या वडिलांकडे बघत नाही. "दादांनी बहुजनांच्या पोरांना इंजिनिअर केलं" म्हणणारा आण्णांच्या मनिऑर्डरी बघत नाही. निर्णयाने जागा दिल्या, पैसे दिले नाहीत. पैशाचा प्रश्न नंतरच्या सरकारांवर सोडला गेला आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. राजर्षी शाहू योजनेत अर्धी ट्यूशन फी मिळते, तिचा लाभ मीही घेतो. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींची पूर्ण ट्यूशन फी राज्य सरकार भरतं. म्हणजे चाळीस वर्षांनी उंबऱ्यावरची वसुली थोडी थोडी कमी होते आहे. पण होस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च आहेच, आणि आजही कुणाचा तरी आण्णा कुठल्यातरी भट्टीसमोर उभा आहे.

फर्स्ट इयरच्या त्या मित्राला माझं उत्तर असं : होय, साखर कारखान्याला नाव असलेले तेच दादा. तुरुंग फोडला, कारखाना उभा केला, साडेतीन वर्षं मुख्यमंत्री होते. खुर्ची कुणी दिली आणि कुणी काढली ही भानगड आता इतिहासाच्या पेपरापुरती उरली. पण त्यातला एक निर्णय आपल्या आयडेंटिटी कार्डावर छापलेला आहे.

तेव्हा दुसऱ्या हप्त्याच्या पावतीवर नजर टाकताना एवढंच बघा, की पैसे नेमके कुणी भरलेत. आणि जमलं तर त्या माणसाला एक फोन करा. मी केला. आण्णा म्हणाले, "पेपर कसं गेलं ते सांग, उगा गप्पा मारू नगंस."

एक विषय राहिला आहे. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.